रेशन कार्डात बसेल एवढा कागद

मला ते काम मिळालं, कारण आमच्या घरी कॉम्प्युटर होता आणि मला इंग्रजी येत होतं. दुसरी कुठलीही पात्रता माझ्याकडे नव्हती. मुलांमधल्या अपंगत्वाबद्दल शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी माहितीपत्रकं करायची होती. मूळ मजकूर इंग्रजीत, जाडजूड पुस्तकांमध्ये होता. तो मराठीत आणायचा आणि घडीच्या एका कागदावर बसवायचा. घरी बसून करण्यासारखं काम आहे, कोणाशी बोलावं लागणार नाही, असं वाटून मी हो म्हटलं.

माझी शाळा यवतमाळची. आमच्याकडे इंग्रजी शाळेला सगळे कॉन्व्हेंटच म्हणतात. घरी आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो, वडिलांचा तसा आग्रह होता. त्यामुळे लग्नकार्यात नातेवाईक भराभर वऱ्हाडीत बोलायला लागले की निम्मं मला कळायचं नाही. कोणी विनोद केला की मी बाकीच्यांकडे बघून हसायचे, एक क्षण उशिरा. हे कोणाच्या लक्षात येत नाही अशी माझी समजूत होती.

काम घाटंजीच्या एका साधन केंद्रासाठी होतं. तिथे एक विशेष शिक्षिका होत्या, पंचेचाळिशीच्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. आठवड्यातले पाच दिवस त्या एसटीने, काळीपिवळी जीपने आणि उरलेलं पायी, गावोगावच्या शाळांत जात. पिशवीत एक स्टीलचं ताट, एक वाटी, मूठभर चिंचोके आणि रुमालात बांधलेली भाकर. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कॉन्व्हेंटची का?"

"हो."

"दिसतेच. चप्पल बदल. या चपलेनं दोन गावं बी नाही होत."

मी म्हटलं की मला गावांत जायचं नाहीये, मी फक्त लिहिणार आहे. त्या हसल्या.

पहिलं पत्रक मी फार मन लावून केलं. एकाच कागदावर चार भाग: न दिसणं, न ऐकणं, हातापायांचा अधूपणा, मतिमंदत्व. तेव्हा हाच शब्द सगळीकडे छापला जात असे. प्रत्येक भागाखाली लक्षणांची यादी. छपाई यवतमाळच्या एका छापखान्यात झाली. छापखानेवाल्यांनी स्वतःच कागद सुचवला, गुळगुळीत, चकचकीत. हिरवी चौकट टाकली, वर हसऱ्या कुटुंबाचा फोटो. मला ते इतकं आवडलं की एक प्रत मी वडिलांना दाखवायला घरी नेली.

पत्रकं गावोगाव वाटून झाल्यावर एक बाईंनी उलटसुलट करून पाहिलं. "कागद चांगला हाय," म्हणाल्या. मग पिशवी खांद्याला लावली. "चल माह्यासंगं. कुठी कुठी पोहोचला ते पाहून येऊ."

अशी मी बाईंबरोबर फिरायला लागले.

कापसाची वाईट वर्षं होती ती. गावात कोणी कागद घेऊन आलं की लोक आधी विचारत, "सर्वे हाय का?" मुंबईचे, दिल्लीचे लोक गाड्या घेऊन येऊन गेले होते, तेच प्रश्न विचारून गेले होते. कोणत्या घरात काय घडलं आहे हे बाईंना न विचारता कळायचं. अशा घरासमोर त्या आवाज बारीक करत, चप्पल दूर काढत. जिथे घरचं माणूस जमिनीवर बसलेलं असे तिथे समोर आणलेल्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. पाणी प्रत्येक घरी प्यायच्या. एका दिवसात सात घरचं पाणी पिताना मी त्यांना पाहिलं आहे, मोजून.

माझं पत्रक आम्हाला एका बंजारा तांड्यावर भेटलं. एका घरात मिठाच्या डब्याखाली अंथरलेलं होतं. घरची बाई तिशीच्या आतबाहेरची होती, बोलायला मोकळी.

"हा कागद वाचला का वं?" बाईंनी विचारलं.

"बियान्याचा हाय ना तो?"

"बियान्याचा?"

"मंग काय! हिरवा काठ, हासून राह्यलेले लोक. दरसाल येते. यंदाच्या कागदावर भावच नाही टाकला, मनून सासू मने ठेव डब्याखाली."

मी फोटोकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं. त्या छापखान्यात बियाणं कंपन्यांचीच पत्रकं छापली जात, आणि छापखानेवाल्यांनी माझ्या मजकुराला तोच पोशाख चढवला होता. त्या वर्षांत चकचकीत कागदावरच्या हसऱ्या माणसांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता, आणि मी अपंग मुलांची माहिती नेमकी त्यांच्याच तोंडी दिली होती.

बाई मोठ्याने हसल्या. घरची बाईही हसली. एक क्षणानंतर मीही हसले. आणि माझ्याबरोबर, दारात बसलेली तिची सातआठ वर्षांची मुलगी हसली. आईकडे बघून, मग बाईंकडे बघून.

मला काहीतरी लागल्यासारखं झालं. पण काय, ते तेव्हा धड कळलं नाही.

तिथून आम्ही शाळेत गेलो. तीच मुलगी आमच्या मागून येऊन टाटपट्टीवर बसली, चुलतबहिणीच्या बाजूला. गुरुजींनी गणित सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिने आधी बहिणीच्या पाटीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. गुरुजी मुलांशी काही गमतीचं बोलले. वर्ग हसला. मग ती हसली.

गुरुजी पन्नाशीचे, कामाला चोख. माझं पत्रक जिल्ह्यात कोणी खरोखर वाचलं असेल तर त्यांनी. त्यांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, लाल पेनाने खुणा करून. मतिमंदत्वाच्या भागात तीन ओळींखाली रेघा होत्या: सांगितलेलं लवकर समजत नाही. उशिरा बोलायला लागतं. वर्गात इतरांच्या मागे पडतं.

"हे पाहा, तिन्हीच्या तिन्ही लागू," गुरुजी म्हणाले. "मी आधी समजत होतो, तांड्याची हाय, घरी गोरबोली, मराठी उशिरा येईल. पन तिच्यासंगंचे पोरं आता मले उलटून बोलतात. हे काही बोलतच नाही. यादी तयार हाय. उद्या केंद्रात देतो."

यादी म्हणजे काय ते बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. शाळा मुलांची नावं प्रकारानुसार लिहून पाठवत. ज्या यादीत नाव, त्या तपासणीला बोलावणं. कानांचं शिबिर वर्षातून एकदा, यवतमाळला. मतिमंदांच्या यादीतल्या मुलाचे कान तिथे कोणी बघत नसे. शिवाय दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू व्हायची. डोक्यानेच मागे आहे असं एकदा सरकारी कागदावर आलं, की धाकट्या भावाला सांभाळायला मुलगी घरी बसणार, हे सांगायला कोणी नको होतं. आईच म्हणाली होती, "डोकं असन त शाळा. नाही त कायले गुरुजीले तरास?"

मी गप्प होते. गुरुजी इतक्या आपुलकीने पत्रक दाखवत होते. आणि मी कोण? मी एकही अपंग मूल जवळून पाहिलेलं नव्हतं.

फाट्यावर एसटीची वाट बघताना मी शेवटी म्हणाले, "बाई, ती मुलगी माझ्यासारखी हसते."

"मनजे?"

"सगळ्यांच्या नंतर. मला वऱ्हाडी नीट कळत नाही ना, तर मी दुसऱ्यांची तोंडं बघून हसते. ती तसंच करते. आईसमोरसुद्धा. घरची भाषा तर तिला कळायला पाहिजे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. समोरून एसटी येत होती.

"मंग तिथं काहून नाही बोलली?"

मी चपलेचा पट्टा सारखा करत राहिले.

"तू उशिरा हासते ते मले पहिल्या दिवसापासून मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पन पोरीचं मले नाही दिसलं. वीस वर्षं झाले मले हे करून. चल वापस."

एसटी आमच्यासमोरून गेली. तीन किलोमीटर आम्ही उन्हात परत चाललो. चपलेबद्दल बाई अवाक्षर बोलल्या नाहीत.

तांड्यावर मुलगी शाळेतून घरी आली होती; तिला ऐकू येतं का असं बाईंनी विचारलं, तर आई म्हणाली, "ऐकते ना ते! मनात असलं तवा बरोबर ऐकते. पाहा." आणि तिने अंगणात बसलेल्या मुलीला मागून हाक मारली. मुलगी वळली.

मला वाटलं, संपलं.

बाई मात्र जमिनीकडे बघत होत्या. "तू उभी हाय ना, तिथून तुही सावली तिच्यापुढं पडून राह्यली. इकडं ये. उन्हाकडं तोंड कर. अन् लहान्याले घरात ने, तो आधी मांगं वयून पाह्यते, त्याले पाहून हे वयते."

मग त्यांनी मुलीसमोर वाटी ठेवली, हातात चिंचोके दिले आणि खुणेने खेळ शिकवला: आवाज झाला की एक चिंचोका वाटीत. मागे उभ्या राहून ताट वाजवलं. चिंचोका पडला. पुन्हा, हळू. पडला. आई विजयाने माझ्याकडे बघायला लागली. मग बाईंनी ताट खाली ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "आता तिले नावानं बोलाव. रोज बोलावते तशी. वरडू नको."

आईने हाक मारली. चिंचोका हातातच राहिला. आईने पुन्हा हाक मारली, गोरबोलीत काही लाडाचं म्हणाली. मुलगी हातातल्या चिंचोक्याकडे बघत बसली होती, कधी एकदा आवाज होतो म्हणून. इतकी तयारीत बसलेली मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही.

"कानात आवाज जाते," बाई हळूच म्हणाल्या. "बोल नाही जात."

आई मुलीजवळ खाली बसली. म्हणाली, "मी तिले लय मारलं वं बाई. अयकत नाही मनून."

बाईंनी तिला काही समजावलं नाही. तिच्या शेजारी बसल्या आणि पाणी मागितलं. आईला उठावं लागलं, तांब्या भरावा लागला, आणून द्यावा लागला. परत येईपर्यंत तिचा चेहरा सावरला होता. त्यांचं ते सात घरचं पाणी पिणं मला तेव्हा कळलं.

गुरुजी शाळेला कुलूप लावत होते. बाईंनी सगळं सांगितलं. गुरुजी ऐकत होते, पण त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तुमच्याच कागदात लिहिलं हाय ना पन. तिन्ही लक्षणं. मी का मनानं लिहिलं?"

"कागद आमचाच चुकला, गुरुजी," बाई म्हणाल्या.

'आमचा' म्हणून त्यांनी मला पाठीशी घातलं होतं. मी मागे राहू शकले असते. पण गुरुजींनी काचेखाली ठेवलेला तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. "मी लिहिलं ते," मी म्हणाले. "ही लक्षणं कान कमजोर असले तरी दिसतात. आधी कान तपासा, ही ओळ मी टाकायला पाहिजे होती. पुस्तकात होती. जागा पुरत नव्हती म्हणून काढली."

फोटोसाठी जागा हवी होती म्हणून काढली, हे मी सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

गुरुजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही लिहिलं? मी त पत्ता शोधून राह्यलो होतो, शाबासकीचं पोस्टकार्ड टाकाले. इतकं साफ मराठी कोनी लिहित नाही आमच्यासाठी." मग कुलूप परत उघडलं, आत जाऊन यादी काढली आणि उभ्या उभ्या मुलीचं नाव खोडून दुसऱ्या प्रकारात लिहिलं. सही केली. खोडल्या जागी वेगळी सही केली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला आपल्या टेबलासमोर, स्वतःकडे तोंड करून बसवलं. ते कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरं पत्रक आम्ही बाईंच्या पद्धतीने केलं. पद्धत अशी: मी एक ओळ लिहायची, बाईंनी ती एखाद्या आईला वाचून दाखवायची, आणि आठ दिवसांनी तिला विचारायचं, काय सांगितलं होतं? तिला जे सांगता आलं तेवढं ठेवायचं. बाकी कितीही खरं असलं तरी काढायचं. माझ्या बावीस ओळींच्या सात झाल्या. पहिली मी कोणालाही हलवू दिली नाही: मूल मागे आहे असं म्हणण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्यावेत.

कागद किती मोठा असावा यावर मी पानाची मापं काढत होते. बाईंनी पिशवीतून स्वतःचं रेशन कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "याच्या पोटात बसला पाह्यजे. आमचा बाप अंगठेबहाद्दर होता, पन घरातला एक कागद त्यानं पायदळी जाऊ देला नाही. सगळे रेशन कार्डात. जे तिथं बसलं ते घरात राह्यलं." त्यांच्या वडिलांच्या पिढीत घराने बौद्ध धम्म घेतला होता, आणि मुलीला शिकवायचंच हे त्या घरात ठरलेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. वडिलांबद्दल त्या एवढंच एकदा बोलल्या.

कागद साधा, जाड, बदामी. एकच रंग, काळा. फोटोऐवजी मी चित्र काढलं: अंगणात बसलेलं मूल, मागे आई, आईची सावली मुलावर पडत नाही अशी. ते घेऊन आम्ही तांड्यावर गेलो. मुलीची आई चित्राकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे माय हाय?"

"हो."

"हिच्या हातात काहीच नाही?"

मला प्रश्न कळला नाही.

"रिकाम्या हातानं कोनती माय अंगनात उभी राह्यते वं? पाहुनी हाय का?" सासू आतून हसली. "सूप दे तिच्या हातात."

मी तिथेच बसून सूप काढलं. पत्रक छापलं गेलं ते सुपासकट.

कानांचं शिबिर ऐन वेचणीत आलं. मला सकाळपासून वाटत होतं, येणार नाहीत. पण काळीपिवळीतून आई उतरली, सासू उतरली, आणि मधे तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली मुलगी. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाने यादीवरून बोट फिरवलं.

"नाव नाही."

गुरुजींनी दुरुस्त केलेली यादी अजून वर पोहोचली नव्हती. त्याच्यासमोर जुनीच होती, केंद्राने आधी तोंडी घेतलेली. बाई दुसऱ्या टोकाला, पाच मुलांना एकदम आवरत होत्या. मी टेबलाकडे निघाले, पण आई माझ्याआधी पुढे झाली.

आईने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली. त्यातून रेशन कार्ड काढलं, रेशन कार्डातून बदामी कागद. तो तिने त्या माणसासमोर ठेवला, चित्रावर बोट ठेवलं आणि सांगायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. पण सातच्या सात ओळी तिने सांगितल्या, आपल्या बोलीत, मधे कुठेही न अडखळता. सावली कशी पडू द्यायची नाही तेही सांगितलं.

"अन् पहिलं इथं लिहिलं हाय," ती म्हणाली, "आधी कान पाहा, मंग पोरीले नाव ठेवा. मी उलटं केलं साहेब. तुम्ही नका करू."

रांगेतले लोक पुढे सरकून ऐकत होते. पडद्याआडून कान तपासणारे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि मुलीला खुणेने आत बोलावलं.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. दोन्ही कान कमजोर होते. मशीन मिळेल, दोनतीन महिने लागतील, असं चिठ्ठीवर लिहून मिळालं. आईने चिठ्ठी बदामी कागदाच्या घडीत ठेवली आणि दोन्ही मिळून रेशन कार्डात.

तोवर बाई येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं की शेवटचं तेवढंच, मला माहीत नाही.

"पहिली ओळ काय बोलली ते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली.

"तुह्यापेक्षा चांगली हाय."

"हो."

"मंग पेन काढ ना, कॉन्व्हेंट. पाहून काय राह्यली?"

मी माझ्याजवळच्या प्रतीवरची पहिली ओळ खोडली आणि वर तिची लिहिली. पुढच्या छपाईत तीच गेली.